काय उजेड पाडला!

आष्ट्याच्या पंचक्रोशीत घरापुढे चारचाकी उभी राहिली, की पहिल्या आठवड्यात तिचे संस्कार उरकून घेतात. चाकांखाली लिंबं चिरडतात. मागच्या काचेवर ‘आई-वडिलांचा आशीर्वाद’ चिकटतो. आशीर्वादाची अक्षरं एवढी मोठी, की आरशातून मागचं काही दिसू नये. सीटवरचं प्लॅस्टिक मात्र कुणी काढत नाही. मग एका संध्याकाळी मालक गाडी काढतो आणि सांगली गाठतो, नाहीतर इस्लामपूर, म्हणजे कागदोपत्री आता ईश्वरपूर. फोकस बदलायला.

कंपनीच्या फोकसबद्दलची तक्रार ठरलेली. ‘मेणबत्त्या बसवल्यात ओ नुसत्या!’ ज्या कंपनीनं इंजिन, ब्रेक, एअरबॅग सगळं डोकं लावून केलं, ती नेमकी दिव्यापाशी येऊन चिकटपणा करते, यावर इथे पक्षभेद विसरून एकमत आहे. वाळवा तालुक्यात पक्षभेद विसरून एकमत व्हावं अशा गोष्टी फार नाहीत, त्यामुळे या तक्रारीचं मोल ओळखायला हवं.

शिवाय तक्रारीला जागाही तशीच आहे. पेठ नाक्यावर पुणे-बंगळूर महामार्ग सोडला, की इस्लामपूर, आष्टा, मिरजवाडी, तुंग, कसबे डिग्रज करत रस्ता सांगलीत शिरतो. या रस्त्याच्या खड्ड्यांनी आणि खड्ड्यांवरच्या आंदोलनांनी कित्येक वर्षं वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानाला मजकूर पुरवला. दिवाळी झाली, की त्यावर ऊस उतरतो. कारंदवाडीचा सर्वोदय, साखराळ्याचा राजारामबापू, वाळव्याचा हुतात्मा. धुराडी पेटली, की रात्रभर ट्रॅक्टर. त्यामागे दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस. ट्रॅक्टरला पुढे दोन दिवे असतात, त्यातला एक चालू असतो. तो डावा होता की उजवा, हे ट्रॅक्टर शेजारून निघून गेल्यावर कळतं. ट्रॉलीच्या मागे दिवा नसतो. मोहीम काढून चिकटवलेला रिफ्लेक्टर असतो, आणि त्यावर पाचट लोंबत असतं. चालकाच्या टेपचा आवाज इंजिनाच्या वरताण असल्यामुळे हॉर्न वाजवणं हा केवळ स्वतःच्या समाधानाचा भाग.

तेव्हा अशा रस्त्यावर चांगला दिवा मागणाऱ्याला कुणी हौशी म्हणू नये. मागणी रास्तच आहे. पण ती पूर्ण करून घेण्याच्या रीतीत एक गोम आहे. समोरून येणाऱ्याचा फोकस डोळ्यांत जातो, म्हणून हा त्याच्याहून जबर बसवतो. याचा ज्याच्या डोळ्यांत जातो, तो पुढच्या बाजाराच्या दिवशी सांगलीला जाऊन याच्याहून जबर आणतो. काही महिन्यांत दोघंही समोरासमोर येतात, दोघांनाही काही दिसत नाही, आणि दोघंही समाधानानं पुढे जातात, कारण आपल्यापेक्षा त्याला जास्त त्रास झाला अशी दोघांची खात्री असते.

आता दुकान. सांगलीच्या शंभर फुटी रस्त्याला अशी दुकानं शोधावी लागत नाहीत. छताला सीट कव्हरं टांगलेली, काउंटरवर प्लॅस्टिकची लिंबू-मिरची, काचेत निरनिराळ्या सुरांचे हॉर्न. भिंतीवर एक फळी, तिच्यावर फोकसचे दहा-बारा नमुने जोडलेले. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं, की दुकानदार बटण दाबतो. सगळ्यांचे डोळे मिटतात. निवड होते ती डोळे मिटलेल्या अवस्थेत: ज्यानं सगळ्यांत जास्त त्रास दिला तो नग पसंत.

असा एक आबा प्रत्येक गावात असतो. त्याचा दुकानदाराशी होणारा संवादही जवळजवळ छापील.

‘बोला आबा, कसला लावायचा?’

‘झेनॉन.’

‘कुठला झेनॉन?’

‘झेनॉन म्हंजे झेनॉन. त्यात आणि कुठला?’

‘तीन हायत की. बसा, च्या सांगतो.’

चहा येईपर्यंत काउंटरवर तीन खोकी मांडली जातात आणि तिन्हींवर मोठ्या अक्षरांत झेनॉन लिहिलेलं असतं. पहिल्यात निघतो तो साधा हॅलोजन बल्ब, काचेला निळा मुलामा दिलेला. टंगस्टनची तार तीच, वॉट तेच. निळी काच तारेच्या उजेडातला पिवळा भाग गाळून टाकते, म्हणजे पांढरेपणा येतो तो उजेड कमी करून. काहींच्या पोटात इतर वायूंबरोबर थोडा झेनॉन खरोखर भरलेला असतो, त्यामुळे खोक्यावरचा मजकूर अगदीच खोटा म्हणता येत नाही. दुसऱ्या खोक्यात तथाकथित ‘एचआयडी किट’: दोन बल्ब, पत्र्याच्या दोन चपट्या डब्या, म्हणजे बॅलास्ट, आणि वायरींचं भेंडोळं. तिसऱ्यात एलईडी, मागच्या बाजूला इवलासा पंखा. एलईडीचा झेनॉनशी काडीचा संबंध नाही. पण गिऱ्हाईक झेनॉन मागतं, तर खोक्यावर झेनॉन छापायला छापखान्याचं काय जातं?

‘ह्यातला भारी कुठला?’

‘ह्यो मधला. उजेड पार बागणीपतोर जातोय बघा.’

बागणी आष्ट्यापासून काही किलोमीटरवर आहे. तिथल्या लोकांना आष्ट्यात उभ्या गाडीचा उजेड कशाला हवा, असं आबा विचारत नाही.

खऱ्या झेनॉनची कूळकथा वेगळी आहे. विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स या दोघांनी १८९८ मध्ये लंडनमध्ये द्रवरूप हवेचे अंश वेगळे करता करता हा वायू हुडकला. हवेच्या सुमारे एक कोटी पंधरा लाख भागांत याचा एक भाग. गाडीत तो आला १९९१ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या सातव्या मालिकेतल्या मोटारीवर, तोही फक्त डिपरपुरता. या दिव्यात तार नसतेच. क्वार्ट्झच्या छोट्याशा कुपीत दोन टोकं समोरासमोर ठेवलेली. त्यांच्यामध्ये वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका दिला, की ठिणगी पडते आणि मग विजेची कमान जळत राहते. झटका देणं आणि नंतर ती कमान सांभाळणं हे बॅलास्टचं काम.

गंमत पुढेच आहे. या दिव्यात झेनॉन जे करतो ते संस्थेच्या वर्धापनदिनाला बोलावलेल्या प्रमुख पाहुण्यासारखं. पाहुणे येतात, समई पेटवतात, फोटो होतो आणि ते पुढच्या कार्यक्रमाला निघतात. मांडवातलं काम ओढतात दुसरेच. पत्रिकेवर नाव मात्र पाहुण्यांचं. कुपीत झेनॉन पहिल्या क्षणाला पेटतो आणि तापवून देतो. त्या उष्णतेनं आत ठेवलेले सोडियम आणि स्कँडियमचे क्षार वाफ होऊन जळू लागतात, आणि रस्त्यावर पडतो तो मुख्यतः त्यांचा उजेड. म्हणूनच झेनॉन लावल्याबरोबर निळसर भडकतो, जरा रंग बदलतो आणि काही सेकंदांनी स्थिर होतो. कामाला लागल्यावर मात्र तो ३५ वॉटमध्ये ३,००० लुमेनच्या वर उजेड देतो. एच४ हॅलोजन ५५-६० वॉट खाऊन त्याच्या निम्म्यापर्यंतच जातो.

हा दिवा जिच्यात कंपनीतूनच बसून येतो अशी गाडी आष्टा भागात पोचते ती बहुधा दुसऱ्या हातानं. उसाचं बिल जमा झालेलं असतं, धाकट्याचा हट्ट असतो, आणि पुण्या-मुंबईच्या कुणीतरी दहा-बारा वर्षं वापरलेली जर्मन गाडी नव्या गाडीच्या मानानं मातीमोल भावात मिळत असते. गाडी दारात येते, गल्लीतली पोरं पुढच्या काचेत स्वतःचे दात बघून घेतात. पहिला हिवाळा बरा जातो. मग उजवा दिवा गुलाबी पडू लागतो. मालकाला वाटतं ही पण एक सोय असेल. जर्मन लोक काहीही करतात. गुलाबी पडणं म्हणजे बल्ब शेवटच्या घटका मोजतोय, हे त्याला दिवा चालता चालता विझू लागल्यावर कळतं.

बल्बच्या बुडावर लिहिलेलं असतं: डी१एस. ड्रायव्हरला पुण्याला नाना पेठेत धाडतात, आणि तो डी३एस घेऊन येतो.

‘एक नंबरचा जुना झाला मालक, आता तीन नंबरचा निघालाय. पुढचं मॉडेल.’

बसत नाही. बसत नाही ते नशीबच. बूड आणि कपलर मुद्दाम वेगळे केलेले असतात, कारण चुकीचा बल्ब घालायला बसणारा माणूस केवळ आष्ट्यात जन्मत नाही, हे जर्मनीतही ठाऊक आहे. हे आकडे म्हणजे बढतीची पायरी नव्हे, जातकुळी. डी१ आणि डी३ यांच्या बुडालाच ठिणगी पाडणारी डबी जोडलेली असते; डी२ आणि डी४ यांची ती गाडीत वेगळी बसवलेली असते. डी१ आणि डी२ यांच्या कुपीत पारा असतो आणि त्या ८५ व्होल्टवर चालतात. पाऱ्याच्या विषारीपणामुळे युरोपात तो काढायचं ठरलं, तेव्हा त्यांच्या जागी बिनपाऱ्याचे डी३ आणि डी४ आले. ते ४२ व्होल्टवर चालतात. म्हणजे डी१च्या जागी डी३ हाणून बसवलाच, तरी बॅलास्ट त्याला दुप्पट व्होल्ट पाजायला तयार. वॉट मात्र चौघांचेही ३५च, त्यामुळे आकडा वाढला म्हणजे उजेड वाढला, हा हिशेब पहिल्याच पायरीवर संपतो.

उरलं शेवटचं अक्षर. एस असेल तर बल्ब प्रोजेक्टरसाठी, म्हणजे ज्या फोकसमध्ये भिंगाचा गोल डोळा दिसतो त्याच्यासाठी. आर असेल तर साध्या परावर्तकासाठी, म्हणजे चकचकीत वाटीसाठी. डी२आरच्या काचेवर काळे पट्टे रंगवलेले असतात, उजेडाची तिरीप नको तिथे जाऊ नये म्हणून. अनुभवी मेकॅनिक ‘काच काळी पडलीया’ म्हणून तो नवाकोरा बल्ब परत करतो. पुढे २५ वॉटचे डी५एस आणि डी८एसही निघाले. त्यांचा उजेड मुद्दाम २,००० लुमेनच्या आत ठेवला, कारण युरोपच्या नियमाप्रमाणे त्यावरच्या डिपरला फोकस धुणारे फवारे आणि आपोआप वर-खाली होणारी यंत्रणा सक्तीची आहे. उजेड जास्त असला, की काचेवरची धूळही तो समोरच्याच्या डोळ्यांत उधळते, एवढा विचार त्यामागे. आपल्याकडे मूळ मालकानं जपलेले ते फवारे दुसऱ्या मालकाच्या हाती बहुधा वरातीत उडतात.

बल्ब बदलताना आणखी दोन पथ्यं आहेत. दोन्ही बाजूंचे एकदम बदलावेत. झेनॉनचा रंग वयाप्रमाणे सरकतो, आणि एकच बदलला तर गाडी दोन रंगांचे डोळे घेऊन हिंडते. आणि काचेला बोट लावू नये. बोटाचं तेल लागलं, की क्वार्ट्झ तेवढ्याच जागी जास्त तापतं आणि बल्बचं आयुष्य घटतं. सांगलीकडे मेकॅनिकच्या एका हातात बल्ब आणि दुसऱ्यात भडंगाचा पुडा असतो, आणि हात अधूनमधून बदलतात. वीस हजार व्होल्टचं पथ्य सांगायला गेलं, तर तो म्हणतो, ‘बॅटरी बाराचीच हाय की ओ.’

आबाकडे परत येऊ. त्याची गाडी जर्मन नाही. तिला साधा हॅलोजन फोकस आहे आणि त्यात एच४ बल्ब. १९७१ साली युरोपात आलेला आणि भारतातल्या असंख्य गाड्यांनी आजवर निमूट वापरलेला. या बल्बमध्ये जी कारागिरी आहे ती हातात घेऊन पाहण्यासारखी. आत दोन तारा: एक अप्परची, एक डिपरची. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी. तिच्यामुळे उजेड फक्त परावर्तकाच्या वरच्या अर्ध्या भागावर जातो आणि तिथून खाली रस्त्यावर वळतो. अप्पर लावला, की दुसरी, उघडी तार पेटते आणि सगळा परावर्तक कामाला लागतो. समोरच्या माणसाचे डोळे वाचतात ते त्या वाटीच्या जिवावर. फोकसमधला परावर्तकही त्या दोन तारा नेमक्या कुठे आहेत हे गृहीत धरून मिलिमीटरच्या हिशेबानं घडवलेला असतो.

आता यात किटमधला बल्ब घाला. तार गेली, तिच्या जागी विजेची कमान आली. आकारानं वेगळी, आणि जागेवर असलीच तर योगायोगानं. डिपर-अप्पर जमवायला बल्बच्या बुडात चुंबक असतो, तो अख्खी कुपी मागे-पुढे सरकवतो. प्रत्येक डिपरला बॉनेटखाली ‘खट्’. उजेड तिप्पट झालेला असतो, पण परावर्तकाला तो कुठे टाकायचा हे ठाऊक नसतं. म्हणून तो रस्त्यावर टाकतो, शेतात टाकतो, कडुनिंबाच्या शेंड्यावर टाकतो, एसटीच्या ड्रायव्हरच्या चष्म्यावर टाकतो. आबा शेजारच्या सीटवरच्या पाव्हण्याला म्हणतो, ‘बघा, झाडाचं पान न् पान दिसतंय.’ दिसतंय खरं. झाडाखालचा खड्डा दिसत नाही, कारण गाडीपुढच्या दहा फुटांत इतका झगझगाट झालेला असतो, की डोळे त्यालाच सरावतात आणि दूरचा अंधार आणखी काळा वाटतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं हॅलोजनच्या घरात झेनॉन घुसवणारी ही किटं त्यांच्या मानकात बसतच नाहीत, असं कधीच सांगून टाकलं आहे. ती विकणारी दुकानं अमेरिकेतही आहेत, हे आबाच्या बाजूनं सांगायला हवं.

किट बसवल्यावर आकाशवाणी सांगली लावली, की बाजारभावाऐवजी खरखर ऐकू येते. ती बॅलास्टची. मेकॅनिक एरियल बदलून देतो.

यापेक्षा जुन्या चालीचा मार्ग म्हणजे शंभर-नव्वदचा बल्ब. कायद्यानं एच४ ला ६०-५५ वॉट. बाजारात १००-९० खुशाल मिळतो. महिन्या-दोन महिन्यांत होल्डर वितळतो, वायर कडक होते, परावर्तकाचा चकचकीत थर करपतो, आणि उजेड मूळच्या मेणबत्तीच्याही खाली येतो. रिले टाकून वेगळं वायरिंग केलं असतं तर मूळच्या ६०-५५ नंच आधीपेक्षा चांगला उजेड दिला असता, कारण जुन्या गाडीत बल्बपर्यंत पोचेस्तोवर वायरीच बरेच व्होल्ट गिळून टाकतात. पण रिले दिसत नाही. जे समोरच्याला दिसत नाही त्यावर पैसा घालवायचा रिवाज नाही.

रंगाचा शौक हा तरुण पिढीचा विभाग. कंपनीच्या झेनॉनचा रंग ४,३०० केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे किंचित दुधी पांढरा. दुकानात ६,००० मिळतो, ८,००० मिळतो, १२,००० ही मिळतो. पोरांची समजूत अशी, की केल्व्हिन म्हणजे ताकद. ट्रॅक्टरच्या हॉर्सपॉवरसारखा जितका जास्त तितका दणकट. प्रत्यक्षात आकडा चढत जातो तसा उजेड निळा-जांभळा होतो आणि कमी होत जातो. पावसात ओल्या डांबरावर निळा फोकस मारून बघणाऱ्याला रस्ता कुठे गेला याचा तपास लागत नाही, आणि डिसेंबरात पहाटे कृष्णेकाठी धुकं उतरलं, की अप्परचा सगळा उजेड पांढऱ्या भिंतीवर आपटून परत स्वतःच्याच तोंडावर येतो. आष्ट्यात अण्णासाहेब डांगे महाविद्यालयात विमानांचं अभियांत्रिकी शिकवतात. पोरं हवेत उडणाऱ्या यंत्राचा भार आणि उचल वहीत काढतात आणि संध्याकाळी १२,००० केल्व्हिनच्या जांभळ्या उजेडात घर शोधतात.

डिपर हा तर स्वतंत्र प्रांत. या देशात ट्रकच्या पाठीवर ‘यूज डिपर ॲट नाइट’ पिढ्यान्‌पिढ्या रंगवलं गेलं. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं ‘हॉर्न ओके प्लीज’ रंगवायला बंदी केली, डिपरच्या विनंतीला मात्र हात लावला नाही. २०१६ मध्ये टाटा मोटर्सनं ट्रकचालकांसाठी डिपर याच नावाचे निरोध काढले, म्हणजे वाक्याचा उपयोग झाला. फक्त दिव्याच्या बाबतीत झाला नाही. डिपर मारण्याला इथे व्याकरण आहे. एकदा मारला तर ‘मी येतोय’. दोनदा मारला तर ‘तू थांब’. तीनदा मारला तर ‘पुढे पोलीस हायत’. अप्पर चालूच ठेवला तर ‘पुढारी येतोय’. आणि २०१७ च्या एप्रिलपासून नव्या दुचाकींचा दिवा दिवसाही आपोआप चालू राहू लागल्यापासून या भाषेत एक मूक खूणही आली आहे: भर दुपारी समोरून येणारा प्रत्येक भला माणूस बोटं मिटून-उघडून सांगतो, ‘लाइट चालू हाय’. दुचाकीवाला मान डोलावतो. पुढच्या वळणावर तोही समोरच्याला तेच सांगतो.

खऱ्या झेनॉनला डिपरची ही भाषा मानवत नाही. दर वेळी विझून पेटायचं म्हणजे कुपीचं आयुष्य झिजवायचं. म्हणून आधी अनेक गाड्यांत अप्परला वेगळा हॅलोजन ठेवत. १९९९ मध्ये मर्सिडीजच्या सीएल मोटारीवर बाय-झेनॉन आला. त्यात कुपी जळतच राहते आणि तिच्यापुढचा छोटा पडदा खाली-वर होतो: पडदा वर असला की डिपर, पडला की अप्पर. इतकं नाजूक यंत्र ‘पुढे पोलीस हायत’ हे सांगण्यासाठी बनवलं असेल, असं वाटत नाही.

फोकस नवा असो वा जुना, तो बसवल्यावर लेव्हल करायचा असतो. त्यासाठी यंत्र लागत नाही. सपाट जागा, उभी भिंत आणि टेप असली की भागतं. भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करायची आणि डिपरची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा १० सेंटिमीटर खाली येईल असा स्क्रू फिरवायचा. म्हणजे शंभराला एक उतार. दिवा जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर असेल तर उजेडाची कड ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. सोपं आहे, फक्त १० मीटर सपाट जागा सापडली पाहिजे. त्या कडेला आणखी एक मर्म आहे. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या फोकसची कड डावीकडे वर चढते: रस्त्याच्या कडेचा माणूस, बैल, मैलाचा दगड दिसावा आणि उजवीकडून येणारा वाचावा. परदेशातून भंगारात आलेला, उजवीकडून चालणाऱ्या देशाचा फोकस स्वस्तात मिळाला म्हणून बसवला, की कड चढते ती नेमकी समोरच्याच्या डोळ्यांकडे. काचेच्या कोपऱ्यातली अक्षरं वाचली तरी पुष्कळ कळतं. एचसीआर असेल तर घर हॅलोजनचं, डीसीआर असेल तर डिस्चार्जचं, म्हणजे झेनॉनचं. सी डिपरचा, आर अप्परचा. दोन रुपयांच्या गुटख्याच्या पुडीवरचा इशारा जितक्या लोकांनी वाचला असेल तितक्याच लोकांनी ही अक्षरं वाचली आहेत.

आणि बऱ्याच गाड्यांत स्टिअरिंगच्या बाजूला ० ते ३ आकड्यांचं छोटं चाक असतं. ते फोकस खाली झुकवण्यासाठी आहे. मागे माणसं बसली, डिकी भरली, की गाडीचं नाक वर होतं आणि डिपरचा अप्पर होतो. तेवढं नाक उतरवायला ते चाक. जोतिबाला निघालेल्या सात सीटच्या गाडीत अकरा माणसं, नारळाचं पोतं आणि स्टोव्ह असतो, चाक मात्र शून्यावर असतं. बहुतेकांची समजूत ते एसीचं आहे. काहीजण उजेड वाढावा म्हणून तीनवर नेऊन बघतात, उजेड खाली गेला की घाबरून परत शून्यावर आणतात.

कायदाही आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम सांगतो, की दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे असतील त्याला दिपवता कामा नये. नाहीतर चालकाला उजेड खाली वळवण्याची सोय तरी हवी. सायकलवरून डेअरीला दूध घालायला निघालेल्या माणसाचे डोळे साधारण याच जागी असतात, असा नियम करणाऱ्यांनी विचार केला असेल तर त्यांचं कौतुक. पुण्यात वेताळ टेकडीवर, १९६६ पासून उभ्या असलेल्या एआरएआय संस्थेत, फोकसचा उजेड कोनाकोनानं मोजून मगच त्याला मान्यता मिळते. ती मान्यता शंभर फुटी रस्त्यावर पंधरा मिनिटांत उतरते. पासिंगच्या दिवशी मूळचे बल्ब वर्तमानपत्राच्या पुडक्यातून बाहेर येतात, एक दिवस जळतात आणि पुन्हा त्याच पुडक्यात जातात. गाडीतल्या सगळ्यांत कमी वापरलेल्या वस्तूंत सीट बेल्टच्या खालोखाल त्यांचा नंबर लागावा.

एवढ्यात झेनॉनचे दिवस सरत आले. लेक्ससच्या एका मोटारीनं २००७ मध्ये डिपरला एलईडी लावला, आणि आता मोठ्या कंपन्या नव्या गाडीला झेनॉन देण्याच्या भानगडीत पडत नाहीत. शंभर फुटी रस्त्यावरही आता कुणी किट मागत नाही. पोरं म्हणतात, ‘झेनॉन आता म्हातारी लोकं लावत्यात.’ दुकानदारानं ती खोकी पोटमाळ्यावर टाकली होती, पण माल वाया जात नाही. ऊसतोडीच्या टोळ्यांना रात्री फडात ट्रॉली भरायला उजेड लागतो. उरलेली किटं निम्म्या भावात ट्रॅक्टरवाल्यांनी उचलली आणि मडगार्डवर, तोंड मागे करून बसवली. फडात काम झकास होतं. भरलेली ट्रॉली रस्त्याला लागते तेव्हा तो दिवा बंद करायचं कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि उसाच्या वरून तो पांढरा लोळ मागच्या गाड्यांवर पडत राहतो. मागून येणाऱ्या आबाला वाटतं, हा आपल्याच बाजूनं समोरून अंगावर येतोय. तो गाडी कडेला घेतो, दोनदा डिपर मारतो. ट्रॅक्टर डिपर देत नाही. आबा पुन्हा मारतो, शिवी हासडतो, आणि आपल्याच दिशेनं निघालेल्या ट्रॅक्टरला वाट देत तुंगच्या फाट्यावर इंजिन बंद करून बसतो.